खाडा कुणी भरायचा?

दसरा झाला की परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यात माणसांची हालचाल एकाच वेळी दोन दिशांनी सुरू होते. इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, जळण आणि लेकरं भरून सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे निघतात. काही थेट कर्नाटकात जातात. त्याच दिवसांत देवनांद्रा आणि लिंबा इथल्या साखर कारखान्यांसाठी बाहेरच्या टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या करतात. मजूर पाठवणारा आणि मजूर बोलावणारा असा हा दुहेरी तालुका आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आणि गोदावरीवरच्या ढालेगाव, मुदगलच्या बंधाऱ्यांनी इथं ऊस आणला. ज्यांच्या शिवारात ते पाणी पोचलं नाही किंवा ज्यांना शिवारच नव्हतं, त्यांच्या हातात कोयता राहिला.

निर्वासित आणि स्थलांतरित म्हटलं की आपल्याला कॉक्स बाजारमधली रोहिंग्यांची छावणी आठवते, नाहीतर भूमध्य समुद्रात उलटलेल्या नावा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये या विषयावरचा पहिला जागतिक अहवाल काढला. जगात सुमारे १०० कोटी माणसं, म्हणजे दर आठांतला एक जण, स्थलांतरित किंवा विस्थापित आहे असं त्यात नोंदवलं आहे. देशाची सीमा ओलांडून गेलेले त्यांत २८ कोटींच्या आसपास. बाकीचे बहुतेक आपापल्या देशातच एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, एका राज्यातून दुसऱ्यात हललेले. ही माणसं मुळात रोगट नसतात, तर त्यांचं काम, निवारा, पाणी आणि दवाखान्यापासूनचं अंतर त्यांना आजारी पाडतं, हा त्या अहवालाचा रोख होता. ऊसतोडीला तो तंतोतंत लागू पडतो. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना नवरा-बायकोची धडधाकट जोडी बघूनच देतो. आजारी माणूस हंगामाला सहसा निघत नाही. आजार परतीच्या वाटेवर सोबत येतो.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. परदेशातून आलेल्या त्या माणसांना निदान एक कायम पत्ता मिळाला, आणि पत्ता असला की दवाखाना मागता येतो. आपल्या ऊसतोड मजुरांची वसाहत दर मार्च-एप्रिलमध्ये मोडते आणि दर नोव्हेंबरात नव्या जागी उभी राहते. राज्यात या कामात दहा ते पंधरा लाख माणसं असावीत असा अंदाज नेहमी सांगितला जातो. इतक्या मोठ्या संख्येबद्दल अंदाजानं बोलावं लागतं, यातूनच त्यांची सरकारदरबारी असलेली जागा कळते.

कायद्यात पाहावं तर हा मजूर प्रत्येक दारातून थोडक्यात हुकतो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात हंगामी कारखान्यांना वगळलं होतं आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर, गूळ ही नावं घालूनच लिहिली होती. ते वगळलं नसतं तरी फरक पडला नसता, कारण तोडणी करणारा माणूस कागदोपत्री कारखान्याचा नसतोच. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा जोडीशी. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा पाथरीहून बेळगावला जाणाऱ्याला लागू होता, कोल्हापूरला जाणाऱ्याला नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांनी तो कायदा आपल्या पोटात घेतला, पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट व्याख्येत राहिलीच. चारशे किलोमीटर दूर गेलेल्या माणसाला आपण स्थलांतरित मानत नाही, कारण वाटेत राज्याची पाटी लागली नाही.

आता कामाकडे बघू. पहाटे तीन-चारला उठायचं, थंडीत दवानं भिजलेल्या फडात शिरायचं, ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. उसाच्या पानाची कूस अंगात रुतते, डोळ्याला पात लागते, कोयता पायावर बसतो, पाचटात साप असतो. रात्री ओव्हरलोड ट्रॉल्या उलटतात. चुलीची ठिणगी कोपीवर पडली की झोपडं काही मिनिटांत जातं. पिण्याचं पाणी शेजारच्या विहिरीचं किंवा कालव्याचं. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. बाईनं दिवसभर पाणी कमी प्यायचं, कारण आडबाजूला जायला अंधार पडावा लागतो. त्यातून लघवीची जळजळ, मग अंगावरून पांढरं जाणं, मग पाळीत अति रक्तस्राव, बाळंतपणानंतर लगेच मोळ्या उचलल्या तर अंग बाहेर येणं. एकेक तक्रार वेळेवर पाहिली तर थोड्या गोळ्यांत आणि थोड्या विश्रांतीत आवरणारी असते. गोळ्या कुठंतरी मिळतातही. विश्रांती मिळत नाही.

उन्हाचा धोका आपल्याकडे अजून कुणी नीट मोजायला घेतलेला नाही, याची मला काळजी वाटते. एल साल्व्हादोर आणि निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशांत उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा मधुमेह-रक्तदाबाची नेहमीची कारणं तिथं बसेनात. कडक उन्हात कष्टाचं काम आणि अंगातलं पाणी वारंवार आटणं हे त्यामागचं एक मोठं कारण असावं, असं संशोधकांचं मत बनत गेलं. निकाराग्वातल्या एका मोठ्या साखर कारखान्यानं मग पाणी, विसावा आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच घातल्या. आपला हंगाम एरवी उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण २०२२ मध्ये मराठवाड्यात ऊस इतका अतिरिक्त झाला की काही कारखान्यांची धुराडी जूनपर्यंत पेटती राहिली. परभणीचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या तोडणीची कल्पना वेगळी द्यायला नको.

आणि आता पिशवीचा, म्हणजे गर्भाशयाचा, विषय. तो टाळून ऊसतोडीच्या आरोग्याबद्दल बोलता येत नाही, आणि फक्त त्याच्याबद्दल बोलूनही भागत नाही. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या निमित्तानं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण सहांतली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

या आकड्याचे अर्थ मात्र तीन तऱ्हांनी लावले गेले आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला अर्थ वर्तमानपत्रांनी उचलला: मुकादमाला पाळी नको, खाडा नको, म्हणून बायका पिशवी काढून येतात. दुसऱ्यात बोट खासगी दवाखान्यांकडे जातं. पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं. तिसरा अर्थ कमी सनसनाटी आणि म्हणून कमी ऐकलेला: कोवळ्या वयात लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, नसबंदी, न बरे झालेले संसर्ग आणि वजन उचलणं यांतून खरोखरच त्रास जडतो, आणि सहा महिने घरी नसलेल्या बाईला वर्षभर औषध घेत बसण्यापेक्षा एकदाच सोक्षमोक्ष लावणं परवडतं. या तिसऱ्या अर्थात बाई मूर्ख नाही आणि केवळ बळीही नाही. तिच्यापुढच्या पर्यायांत तिनं हिशेब केलेला आहे. हिशेब बदलायचा तर पर्याय बदलावे लागतील. तिला समज देऊन भागणार नाही.

सरकारनं पहिल्यांदा डॉक्टरांचे हात धरले. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानंही ५ एप्रिल २०२३ रोजी, बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं. परवानगीच्या बाजूनं एवढं नक्की म्हणता येईल की दुसरी सही लागते म्हटल्यावर घाईचं ऑपरेशन करणारा डॉक्टर थबकतो. पण इथं बसून पाहिलं की त्या नियमाची लांबी दिसते. पाथरीहून माजलगावच्या रस्त्याला ढालेगावचा पूल लागतो. पुलापलीकडे बीड जिल्हा, अलीकडे परभणी. बीडचा जिल्हा नियम पुलाच्या त्या टोकाला संपतो आणि गाडी अर्ध्या तासात अलीकडे येते. दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. ज्या बाईला खरोखर गाठी आहेत, रक्त थांबत नाही, हिमोग्लोबिन सातवर आलंय, तिलाही परवानगीसाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात, आणि ते हंगामाच्या आत. वाईट डॉक्टरला लावलेली कडी चांगल्या उपचारालाही अडवते. तरीही कडी काढावी असं मी म्हणणार नाही. ती तालुक्याच्या ठिकाणी उघडता यावी आणि जिल्ह्याच्या वेशीवर संपू नये, एवढं म्हणेन. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत पाथरीच्या ग्रामीण रुग्णालयातून आठवड्यात मिळवून देणं ही काही अशक्य गोष्ट नव्हे.

दुसरा उपाय तपासणीचा. हंगामाला निघण्याआधी आणि परत आल्यावर तपासणी, प्रत्येकीकडे आरोग्य कार्ड, आणि कारखान्यावर फिरता दवाखाना. गोऱ्हे समितीच्या शिफारशींचा भर याच दिशेचा होता आणि कागदावर त्याला विरोध कोण करणार? क्षयाचंच घ्या. साध्या क्षयाचा औषधोपचार किमान सहा महिन्यांचा आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. ऑक्टोबरात गोळ्या सुरू झालेला माणूस नोव्हेंबरात कोल्हापूरला गेला तर त्याचा कोर्स अर्धा राहण्याची भीती सरळ आहे, आणि अर्धा राहिलेला क्षय पुढे औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. निक्षय पोर्टलवर रुग्णाचं नाव एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पाठवायची सोय आहे. पण आपण कुठल्या फडावर जाणार हे त्या माणसालाच निघेपर्यंत ठाऊक नसतं, मुकादमाला असतं. गरोदर बायकांचं तसंच. कार्ड गावच्या आशाताईकडे, पोट कर्नाटकात. लेकरांच्या गोवराच्या दुसऱ्या डोसाचं तसंच. तपासणी आणि पोचती नोंद यांनी या तिन्ही गोष्टी सुधारतील यात वाद नाही.

वाद तपासणीचा कागद कुणाच्या हाती जाणार, याचा आहे. हंगामाआधीच्या तपासणीत बाई तीन महिन्यांची गरोदर निघाली किंवा नवऱ्याच्या छातीत डाग निघाला, आणि ते मुकादमाला कळलं, तर ती जोडी टोळीत घेतली जाणार नाही. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे गेलेली उचल मात्र अंगावर असते, घेतलेली आणि बहुधा खर्चलेली. मग ती बाई तपासणीला येईल का? किंवा याहून वाईट, तपासणीत अडचण नको म्हणून तिच्याआधी खासगीत काय काय उरकून येईल? आरोग्यासाठी उघडलेलं दार निवडीची चाळणी होतं, हे जगभर स्थलांतरितांच्या बाबतीत घडत आलेलं आहे. बंदरावर उतरणाऱ्यांची तपासणी पूर्वी त्यांना बरं करण्यासाठी क्वचितच असे. परत पाठवायचं कुणाला, हे ठरवण्यासाठी असे.

आपल्याकडेही एक उदाहरण ताजं आहे. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातल्या ३८ कारखान्यांवर एक लाख ३१ हजार ऊसतोड मजूर अडकून पडले होते. १७ एप्रिलला त्यांना घरी जायची मुभा मिळाली. अट अशी की कारखान्यांनी त्यांची यादी करायची, तपासणी करायची, गावाला आधी कळवायचं. जी यादी इतकी वर्षं होत नव्हती, ती काही दिवसांत झाली. आजार त्यांच्याकडून आपल्याकडे येईल ही भीती होती तोवर यंत्रणा चालली. उलट दिशेनं, म्हणजे आपल्या साखरेपायी त्यांच्याकडे जाणाऱ्या आजारासाठी, तशी घाई पुन्हा दिसली नाही.

म्हणून माझं मत असं की शिबिरं आणि कार्डं हवीत, पण ती पहिल्या क्रमांकावर नकोत, आणि त्यांचा कागद मुकादम आणि कारखान्याच्या शेतकी विभागाच्या हाती कधीच नको. पहिल्या क्रमांकावर खाडा आहे.

खाडा म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाचा दंड. तो पाचशे रुपयांपासून पुढे असतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. वर्तमानपत्रं खाड्याला मुकादमाचा जुलूम म्हणून मोकळी होतात. जुलूम आहेच, पण तेवढाच असता तर सोपं झालं असतं. मजुरी टनावर मिळते आणि गाडी टोळीनं मिळून भरायची असते. दहा कोयत्यांच्या, म्हणजे दहा जोड्यांच्या, टोळीत एक बाई बसली तर तिच्या मोळ्या बाकीच्यांच्या डोक्यावर येतात, गाडी उशिरा भरते, कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत नंबर मागे जातो. त्यामुळे खाडा कित्येकदा टोळीतल्या बायकांनाही मान्य असतो. मुकादमाचीही उचल कारखान्याकडून आलेली असते. टन पडले नाहीत तर वसुली त्याच्यावर निघते. उचल घेऊन टोळीच पळाल्याचे आणि त्यापायी वाहनमालक बुडाल्याचे प्रकारही दर हंगामात घडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. या साखळीत प्रत्येक जण आपल्यावरचा धोका खालच्या कडीवर ढकलतो. सगळ्यांत खालच्या कडीला ढकलायला कुणी नसतं, म्हणून ती आपल्या शरीरावर ढकलते. आजारपणाचा दिवस तिला सर्वांत महाग पडतो. तो स्वस्त झाल्याशिवाय फिरत्या दवाखान्याची गाडी फडाच्या कडेला हॉर्न वाजवत उभी राहिली तरी बाई उसातून बाहेर येणार नाही.

मग तो दिवस कुणी भरायचा? इथं थोडा हिशेब मांडू. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यावेत, असं धोरण ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात सुमारे १० कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे पूर्ण पैसा आला तर वर्षाला २०० कोटी. आता एका जोडीपुरतं पाहू. जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते, दीडशे दिवसांत ३०० टन. तिच्या कोयत्यातून महामंडळाकडे जाणारा वाटा ६,००० रुपये. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाल्यावर तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. म्हणजे जोडीतल्या एकीची दिवसाची मजुरी तेवढीच. महिन्यातून दोन दिवस, पाच महिन्यांत दहा दिवस तिला भरपगारी विसावा द्यायचा तर खर्च ३,६६० रुपये. पैसा पुरतो. नवऱ्यालाही तेवढेच दिवस दिले तर ७,३२० होतात आणि पुरत नाही. शिवाय याच निधीवर मुलांच्या वसतिगृहांचाही हक्क आहे, आणि वसतिगृह हासुद्धा आरोग्याचाच खर्च आहे. तेरा-चौदाव्या वर्षी सोबत नेलेली मुलगी पंधराव्या वर्षी अर्धा कोयता म्हणून लग्नाला उभी राहते, तिथूनच पिशवीची गोष्ट सुरू होते.

तेव्हा ओढाताण आहे. मी बाईच्या दहा दिवसांपासून सुरुवात करीन, पण एक बदल करून. ते पैसे तिच्या हातात न देता टोळीच्या हिशेबात जमा व्हावेत. ती बसली त्या दिवशीचा एक टन टोळीच्या नावावर पडला असं धरायचं. मग शेजारणीला तिचं बसणं जड जाणार नाही आणि मुकादमाला खाडा लावायला निमित्त उरणार नाही. यावर पहिला आक्षेप येईल तो खोट्या सुट्ट्यांचा. दहा दिवस हे ठरावीकच असतील आणि कारण विचारायचंच नसेल तर खोटं-खरं तपासायची गरज पडत नाही. पाळी आली म्हणून सुट्टी, असं कुणाला सांगायला लावणं तर बिलकूल नको. फडावरच्या कारखान्याच्या माणसाला, चिटबॉयला, ते सांगण्यापेक्षा बाई काम करील. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. मुकादम हे पैसे दुसऱ्या रस्त्यानं कापून घेईल, उचलीचा हिशेब वाढवून. घेईलही. उचलीचा हिशेब लेखी होत नाही तोवर त्याला पुरता अटकाव नाही. पण आज खाडा उघडपणे, सगळ्यांच्या संमतीनं लागतो. चोरून कापावा लागला तर निदान तो रीत म्हणून राहणार नाही.

कारखानदार आणि शेतकरी यांचीही बाजू आहे, आणि ती नुसती रड नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, वजा होतो. टनामागे काहीही वाढलं की ते शेवटी आपल्या बिलात उतरेल, ही बाभळगाव-हदगावच्या ऊसवाल्याची शंका रास्त आहे. तो आधीच तोड लवकर मिळावी म्हणून खुशाली मोजतो आणि त्याला टोळीबद्दल फारसा कळवळा उरलेला नसतो. म्हणून नवी वसुली नको; ठरलेले १० रुपये साखरेच्या हिशेबातून वेळेवर भरले जातात की नाही आणि सरकारचा वाटा वेळेवर येतो की नाही, एवढंच आधी बघावं. कारखान्यांचं दुसरं म्हणणं यंत्राचं असतं. फार ताणाल तर हार्वेस्टर आणू. ते आणतच आहेत. २०२३ मध्ये राज्यानं ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी ४० टक्के, कमाल ३५ लाखांपर्यंतचं अनुदान जाहीर केलं. आरोग्याच्या नजरेनं बघितलं तर यंत्र चांगलंच. मोळी डोक्यावरून उतरणं कुणाला नको आहे? पण तुकड्या-तुकड्यांच्या शेतात आणि ओल्या काळ्या रानात ते सगळीकडे जात नाही, त्यामुळे पुढची निदान दहा-पंधरा वर्षं कोयता राहणार आहे. आणि राहील तो जिथं यंत्र पोचत नाही अशा अवघड फडांत. काम कमी होईल, उरलेलं जास्त कष्टाचं होईल. तेव्हा यंत्र येतंय म्हणून आरोग्याचा खर्च टाळणं म्हणजे शेवटच्या तुकडीला वाऱ्यावर सोडणं.

सुरुवात पाथरीनं करावी असं मला वाटतं ते तालुक्याच्या अभिमानापोटी नाही. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी दिसतील असे तालुके कमी. तालुक्यातल्या दोन्ही कारखान्यांच्या टोळ्यांपुरता पुढच्या हंगामात विसाव्याचा प्रयोग करता येईल. कोप्यांच्या तळावर दर पंधरवड्याला ग्रामीण रुग्णालयाची नर्स, पिण्याच्या पाण्याचा टँकर, दहा कोप्यांमागे एक फिरतं शौचालय आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठं आहे हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असणं, एवढं सोबत हवं. बाहेर जाणाऱ्या आपल्या टोळ्यांसाठी गावातल्या आशाताईनं दसऱ्याआधी एक चिठ्ठी करावी: गरोदर कोण, क्षयाच्या गोळ्या कुणाला, कुठल्या लेकराचा कुठला डोस बाकी. ती चिठ्ठी त्या बाईजवळच राहावी आणि तिची प्रत थेट पोचायच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी. मधे मुकादम नको. तो कुठल्या फडावर जाणार एवढंच त्यानं सांगायचं, आणि ते त्याला कारखान्याच्या करारातच लिहून द्यायला लावता येईल. साखर आयुक्तालय गाळप परवाना देताना शेतकऱ्यांच्या थकीत एफआरपीचं बघतं. तिथंच महामंडळाच्या १० रुपयांची पावती आणि टोळ्यांची यादी मागायला नवा कायदा लागेल असं वाटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, त्यामुळे सरकारला उत्तरं द्यावी लागत आहेत, हे बरंच आहे. पण न्यायालय यादी मागू शकतं, विसाव्याचा दिवस फडावर कुणीतरी द्यावा लागतो. आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्या या सगळ्यातून सुटतात, हे मान्य करायला हवं. तिथल्या टनाचे १० रुपये आपल्या महामंडळाकडे येत नाहीत, तिथला आरोग्य अधिकारी आपली चिठ्ठी वाचायला बांधलेला नाही, आणि मराठीतलं कार्ड तिथल्या कानडी नर्सच्या उपयोगाचं नाही. त्यांच्या नावावर विसाव्याचा टन कोण टाकणार, हे दोन राज्यांनी बसून ठरवावं लागेल. तोवर त्यांचा खाडा तसाच राहील, आणि पाथरीच्या काही घरांतून तर तिकडेच जास्त जाणं होतं.